फिल्बर्ट स्ट्रीटवरच्या तीन रात्री

फुटबॉलच्या एका लढतीचा निकाल लागायला पाच सामने खेळावे लागले, असं इथल्या पोरांना सांगितलं तर त्यांचा विश्वास बसत नाही. त्यातले तीन मी आठ दिवसांत, बर्फात उभं राहून पाहिलेत.

१९७९ चा जानेवारी होता. मी लेस्टरच्या एका हॉस्पिटलात ज्युनिअर डॉक्टर होतो, इंग्लंडला येऊन दोन वर्षं झाली होती. फिल्बर्ट स्ट्रीटचं मैदान आमच्यापासून चालत दहा मिनिटांवर. संध्याकाळी त्याचे दिवे वॉर्डाच्या खिडकीतून दिसायचे आणि मला कोल्हापूरचं शाहू स्टेडियम आठवायचं. पण दोन वर्षांत मी तिकडं फिरकलो नव्हतो. तेव्हा स्टँडमध्ये दांडग्या पोरांच्या टोळ्या असत. आपल्या रंगाच्या माणसानं तिथं जाऊ नये, असं सीनिअर भारतीय डॉक्टर प्रत्येक नव्या माणसाला बजावत.

त्यात एफए कपच्या, म्हणजे इंग्लंडमधल्या क्लबांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या, तिसऱ्या फेरीत आर्सेनल आणि शेफिल्ड वेन्सडे अडकले. वेन्सडे तेव्हा तिसऱ्या डिव्हिजनमध्ये, मॅनेजर जॅक चार्लटन, १९६६ च्या विश्वविजेत्या संघातला. पहिला सामना शेफिल्डला १-१. तिथल्या प्रेक्षकांनी आर्सेनलच्या गोलकीपरवर, पॅट जेनिंग्जवर, बर्फाचे गोळे फेकले होते. दुसरा लंडनला, हायबरीवर, तोही १-१. तेव्हा पेनल्टीवर निकाल लावण्याची पद्धत नव्हती. बरोबरी झाली की दुसऱ्याच्या मैदानावर पुन्हा खेळायचं, तरीही सुटलं नाही तर त्रयस्थ ठिकाणी, आणि मग निकाल लागेपर्यंत खेळतच राहायचं.

त्रयस्थ मैदान ही कल्पना मला फार जवळची वाटली. कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींचे आणि मंडळांचे, आणि सगळ्यांचं मैदान एकच. पाटाकडील खेळो की शिवाजी मंडळ, घरचं मैदान असं कुणाचं नाही. इथं मात्र प्रत्येक क्लबाचं स्वतःचं घर, त्यातले कोपरेसुद्धा पिढ्यान्‌पिढ्या वाटून घेतलेले. त्या दोघांना घर सोडून तिसऱ्याच्या अंगणात यावं लागलं, आणि ते अंगण लेस्टरचं निघालं. त्या वर्षी बर्फानं देशभरातले सामने रद्द होत होते. फिल्बर्ट स्ट्रीटवर मात्र पॉलिथिनचं अवाढव्य आच्छादन होतं. त्यात गरम हवा भरून ते तंबूसारखं फुगवायचे आणि खालचं गवत वाचवायचे.

१५ जानेवारी, सोमवार. मी ड्यूटी बदलून घेतली आणि कुणालाही न सांगता गेलो. एक्स्ट्रा टाइम धरून २-२. बाहेर पडलो तर निळ्या-पांढऱ्या मफलरातला एक पन्नाशीचा माणूस गल्लीच्या तोंडाशी थांबला होता. शेफिल्डच्या पोलाद कारखान्यातला. त्यानं मला विचारलं, तुरुंग कुठल्या बाजूला? त्यांची बस वेलफर्ड रोडवरच्या तुरुंगाजवळ उभी होती आणि बर्फात सगळ्या गल्ल्या त्याला सारख्याच दिसत होत्या. मी त्याला घेऊन निघालो. वळणावर आणखी चौघं मागं लागले, त्यात दोघं आर्सेनलचे. इंग्लंडमध्ये दोन वर्षं मी सतत कुणाला ना कुणाला रस्ता विचारत होतो. त्या रात्री सहा जणांत रस्ता माहीत असलेला मी एकटाच होतो.

बुधवारी पुन्हा तेच मैदान, ३-३. मी दिसताच त्या माणसानं लांबूनच हात केला. फ्लास्कमधला चहा दिला आणि माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

तिसरी रात्र २२ जानेवारीची. त्या दिवशी देशभर सरकारी कर्मचाऱ्यांचा संप होता. वॉर्डात आम्हीच ट्रॉल्या ढकलल्या आणि मी कपडे न बदलता मैदानावर पोचलो. आर्सेनल २-० नं जिंकलं. गोल फ्रँक स्टेपलटनचा आणि स्टीव्ह गॅटिंगचा. हा स्टीव्ह म्हणजे १९८७ ला वानखेडेवर आपल्याला वर्ल्ड कपमधून बाहेर काढणाऱ्या माइक गॅटिंगचा भाऊ. ५४० मिनिटांनी निकाल लागला, आणि त्या वर्षी कपही आर्सेनलनंच नेला.

मग मला ही ओढच लागली. पुढच्या वर्षी आर्सेनल आणि लिव्हरपूलची सेमीफायनल चार सामने चालली. तिसऱ्यात आर्सेनलच्या ॲलन संडरलंडनं तेराव्या सेकंदाला गोल केला आणि लिव्हरपूलच्या डॅल्ग्लिशनं अगदी शेवटी तो फेडला. १ मे १९८० ला चौथ्यासाठी मी कॉव्हेन्ट्रीच्या हायफिल्ड रोड मैदानावर होतो. आर्सेनलच्या ब्रायन टॅलबटचा एकच हेडर, तेवढ्यावर मिटलं. दमलेलं आर्सेनल पुढं दोन आठवड्यांत दोन फायनल हरलं, वेम्ब्लीवर वेस्ट हॅमकडून आणि ब्रसेल्सला व्हॅलेन्सियाकडून. टॅलबट त्या मोसमात ७० सामने खेळला. त्या गड्याबद्दल मला आजही आदर वाटतो.

१४ एप्रिल १९९९ ला मुलाला घेऊन बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर गेलो. मँचेस्टर युनायटेडच्या गिग्जचा आर्सेनलविरुद्धचा तो गोल आम्ही पाहिला. ती सेमीफायनलची शेवटची रिप्ले, म्हणजे बरोबरीनंतर पुन्हा खेळवलेली लढत, ठरली. आणि २०२४-२५ पासून मुख्य स्पर्धेतल्या सगळ्याच रिप्ले बंद झाल्या, वेळापत्रकात जागा नाही म्हणून. मला हे पटलेलं नाही. २००५ मध्ये कर्जात बुडालेल्या छोट्या एक्सेटरनं मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डवर ०-० केलं, आणि रिप्लेच्या पैशांनी त्या क्लबाला जीवदान मिळालं. ती वाट आता बंद झाली.

फिल्बर्ट स्ट्रीट २००२ ला बंद झालं. हायफिल्ड रोडवर आता घरं आहेत.

त्या तिसऱ्या रात्री मी त्या माणसाबरोबर तुरुंगापर्यंत गेलो. रस्ता आता त्याला पाठ होता, तरीही गेलो. तो गप्प होता. बसच्या पायरीवर पाय ठेवताना मागं वळून म्हणाला, "डॉक्टर, दोन रात्री माझ्या शेजारी उभे राहिलात, पण तुमची टीम कुठली?"

"पाटाकडील," मी म्हणालो.

त्यानं तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. मग ड्रायव्हरनं हॉर्न दिला.