चकणा संपवणाऱ्यांचं गाव

आमच्या ग्रुपमध्ये माझी ख्याती एकच: ही पीत नाही, पण चकणाही उरू देत नाही. कांदा-टोमॅटो घातलेले शेंगदाणे, मसाला पापड, उकडलेली अंडी, चणाडाळ. बाकीच्यांचा पहिला ग्लास अर्ध्यावर येईस्तोवर माझ्यासमोरची बशी लख्ख. बिल वाटून घ्यायची वेळ आली की कुणीतरी म्हणतंच, "हिचा हिशोब वेगळा करा रे, हिनं आपल्यापेक्षा जास्त हाणलंय." वर्षानुवर्षं हे ऐकून माणूस खजील होतो. मीही व्हायची, सेव्हियाला जाईपर्यंत.

स्पेनच्या दक्षिणेतल्या या शहरात चकणा हेच जेवण. त्याला ते तापा म्हणतात, म्हणजे झाकण. शेरीच्या, म्हणजे तिकडच्या वाइनच्या, ग्लासात माश्या पडू नयेत म्हणून वर पावाचा नाहीतर मांसाचा काप ठेवायचे, त्यावरून हे नाव पडलं अशी एक गोष्ट सांगतात. खरी की रचलेली, देव जाणे. मला मात्र लगेच पटली. आपल्याकडेही दुधाच्या पातेल्यावर ताटली असतेच, फक्त आपण ती खात नाही.

ताई आणि मी राहिलो होतो सान्ता क्रूझमध्ये. नाव ऐकून मला आधी विमानतळच आठवला. पण इथल्या गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून कुणी आलं तर भिंतीला पाठ लावायची. उन्हाळ्यात चाळीसच्या वर पारा जाणाऱ्या गावात सावली अशीच मिळवावी लागते. चुना फासलेली घरं, आत डोकावलं तर कुंड्यांनी भरलेला चौक, चौकाचौकात संत्र्याची झाडं. (संत्री तोडून खाऊ नका. कडू असतात, मुरंब्याच्या लायकीची. ताईने खाऊन पाहिलं.)

हा एकेकाळचा ज्यू मोहल्ला. १३९१ साली इथे कत्तल झाली, उरलेल्यांतल्या पुष्कळांनी जीव वाचवायला धर्म बदलला. १४८० मध्ये इन्क्विझिशनचं, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा देणाऱ्या ख्रिस्ती न्यायालयाचं, आसन याच शहरात बसलं आणि बाटलेल्यांच्या चुलीवर काय शिजतंय याची चौकशी सुरू झाली. ज्यूंना डुक्कर वर्ज्य, म्हणून डुकराचं मांस टाळणं हाही संशयाचा पुरावा! आज त्याच गल्ल्यांतल्या बारच्या आढ्याला डुकराच्या अख्ख्या मांड्या ओळीने टांगलेल्या असतात. खाली ठिबकणारी चरबी झेलायला प्रत्येकीला छोटीशी वाटी लावलेली, उलट्या छत्रीसारखी. पहिल्या संध्याकाळी मी ग्लास धरून त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिले.

मग खाल्लं, अर्थात. याआधी माझी डुकराशी ओळख गोव्याच्या चोरीस-पावापुरती. ते पोर्तुगीजांकडून आलेलं, म्हणजे इथल्या चोरीसो सॉसेजचं चुलतभावंडच. फक्त गोव्यात जाऊन माडाच्या शिर्क्यात आणि लाल मिरचीत ते चांगलंच तिखट झालं. हामोन मात्र वेगळंच प्रकरण. मीठ लावून, वाऱ्यावर वाळवून, चांगली असेल तर तीनेक वर्षं मुरवलेली मांडी. सगळ्यात वरच्या दर्जाचं डुक्कर अस्सल इबेरिको जातीचं असतं, हिवाळ्यात ओकची फळं खात रानात हिंडलेलं. त्याच्या मांडीला काळी पट्टी. कापणारा माणूस मांडी घोडीवर आवळतो, लांब लवचिक सुरी घेतो आणि आरपार दिसेल असा पातळ काप काढतो. घाई नाही. तो काप जिभेवर ठेवला की चरबी वितळते आणि मागे अक्रोडासारखी चव राहते. चावायचं राहूनच जातं.

तरी माझं मन अडकलं ते पालकात. एस्पिनाकास कोन गार्बान्सोस, म्हणजे पालक आणि काबुली चणे. तळलेला पाव, लसूण आणि जिरं यांचं वाटण, लाल मिरचीची पूड, थोडा शिर्का. पहिला घास घेऊन ताई म्हणाली, "अगं, ही तर आपली पातळ भाजी! डाळ-दाण्यांऐवजी चणे घातलेत इतकंच." मला ताक आणि भात हवा होता. मिळाला टूथपिकएवढ्या कुरकुरीत पावाच्या कांड्यांचा पुडा.

हे आम्ही खाल्लं एल रिंकोन्सियो नावाच्या बारमध्ये, सान्ता क्रूझपासून पंधराएक मिनिटं चालत. हे दुकान १६७० सालचं. तो आकडा वाचून दोघींच्या तोंडून एकदमच निघालं, "सिंहगड!" इकडे तानाजी कोंढाणा घेत होता त्या वर्षी तिकडे कुणीतरी हे उघडत होतं. असली सांगड घालण्यात इतिहास काही नाही, पण मराठी माणसाला १६७० दुसरं काय सांगणार?

आत बसायचं नाही, उभं राहायचं. साडेसातला पोचलात तर स्वयंपाकघर थंड असू शकतं. साडेआठ-नवाशिवाय खऱ्या अर्थाने जाग येत नाही. आणि एका जागी पोट भरायचं नाही. इथे दोन बश्या, पुढच्या गल्लीत एक, मग तिसरीकडे. यासाठी त्यांच्याकडे स्वतंत्र क्रियापद आहे, तापेआर. तिकडे ग्रानादा शहरात तर पेय घेतलं की सोबतचा तापा फुकट येतो. सेव्हियात पैसे पडतात, पण मला कुणी हिशोबावरून टोमणा मारला नाही. ताई फिनो शेरी घेत होती. मी म्हणायची, "उना सिन." सिन म्हणजे विना, अल्कोहोलविना बिअर. काउंटरमागच्या माणसाची भुवईही हलली नाही. त्याने फक्त विचारलं, खायला काय?

त्या माणसाची एक पद्धत होती. काही मागवलं की खडूने आमच्यासमोरच्या लाकडी काउंटरवर आकडा लिहायचा. पालक, आकडा. पिठात घोळून तळलेला कॉड मासा, आकडा. हामोन, जरा मोठा आकडा. निघताना तो बेरीज करायला वाकला आणि थबकला. पहिले दोन आकडे गायब होते. ताईने कोपर उचललं. निळ्या बाहीवर पालक आणि मासा, दोन्ही उलटे उमटलेले.

त्याने तिचा हात दिव्याखाली धरला, मान वाकडी करून वाचलं आणि बेरीज पूर्ण केली.

"बघ," ताई म्हणाली, "जास्त तूच खाल्लंयस."

"पुन्हा मोज," मी म्हटलं, आणि अजून एक पालक मागवला.