फोन ठेवल्यानंतरचं ‘हॅलो’

ताईंनी कालच्या तालमीत ते ‘हॅलो’ म्हटलं नसतं तर बरं झालं असतं.

संहितेत ते नाही. नाटकात मी रेडिओवरचा निवेदक, फोन करणाऱ्या श्रोत्यांचा पाणउतारा करणारा; ताई म्हणजे नवऱ्याबद्दल सांगायला फोन करणाऱ्या बाईचा आवाज. मी माझं वाक्य टाकतो, बटण दाबतो, फोन कट, की पुढचा कॉलर. काळ्या पडद्याआड बसलेल्या ताईंचं काम तिथं संपतं. काल मी बटण दाबलं, पुढच्या वाक्यासाठी श्वास घेतला, आणि पडद्यामागून अगदी बारीक आवाजात आलं, “हॅलो? हॅलो... आहात ना?” मी थांबलो नाही. पुढचं वाक्य घेतलं, हशाही जागेवर आला. आमचे दिग्दर्शक, दादा, त्यांनी वहीत काहीतरी टिपलं. चहाच्या वेळी म्हणाले, “ताई, ते राहू द्या.” माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

म्हणजे आता ते रोज ऐकायचं.

इतकी वर्षं मामा केले, हवालदार केले, नायकाचा समजूतदार थोरला भाऊ तर पाठच झालाय. राज्य नाट्य स्पर्धेच्या निकालात माझं नाव कधी आलं नाही, त्याबद्दल कुणाला काही बोललोही नाही. आता पहिल्यांदा सगळं नाटक ज्याच्या खांद्यावर आहे अशी भूमिका मिळाली, तर पहिल्या वाचनापासून जो तो एकच सांगतो: तुझ्या आवाजात माया फार. असणारच. आकाशवाणीवर नैमित्तिक उद्घोषक म्हणून घडलेला आवाज आहे तो. फोन-इनमध्ये पलूसहून, कवठेमहांकाळहून कुणी बोलायला लागलं की आधी पाऊसपाणी विचारायचं, घरात कोण कोण ऐकतंय ते विचारायचं, मग गाणं. लाईनवरचा माणूस कितीही लांबला तरी त्याला तोडल्यासारखं वाटू द्यायचं नाही. हे मी जीव लावून शिकलो. आता दादा म्हणतात, ती माया काढून टाक. कुठून काढू? आणि काढली तर माझ्याजवळ उरतं काय?

त्या ‘हॅलो’नं दुसरंही एक वर आणलं. २०१९च्या ऑगस्टमध्ये इथं सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पुराचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, त्या दिवसांत गावभागातून मावशीचा फोन आला आणि बोलता बोलता मधेच गेला. मी किती वेळ हॅलो हॅलो करत होतो. ते आज नको.

दादांनी सांगितलं म्हणून टीव्हीवरच्या रात्रीच्या चर्चा बघितल्या. त्यांत माझ्या कामाचं फारसं सापडलं नाही. सगळे ओरडतात, समोरचा काय म्हणाला हे कुणाला ठाऊक नसतं. नाटक तिकडचंच, अमेरिकेतलंच ठेवलंय हे दादांनी चांगलं केलं. आपल्याकडे असा रेडिओ झालाच नाही. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी नाही आणि आकाशवाणीवर श्रोत्याचा पाणउतारा करायची रीत नाही. म्हणून डेन्व्हरच्या ॲलन बर्गबद्दल मिळेल ते वाचत सुटलो. केओए रेडिओवर तो लोकांना मुद्दाम डिवचायचा, भर कार्यक्रमात फोन आपटायचा. तो ज्यू होता, आणि ज्यूद्वेष्ट्यांशी तर तो हटकून भिडायचा. १८ जून १९८४ च्या रात्री घरासमोर गाडीतून उतरताना ‘द ऑर्डर’ नावाच्या वर्णवर्चस्ववादी टोळीनं त्याला गोळ्या घालून मारलं. हे वाचून हादरलोच. पण भूमिकेसाठी मला धरून ठेवावंसं वाटलं ते त्याचं आधीचं आयुष्य. रेडिओवर येण्यापूर्वी तो शिकागोत फौजदारी वकील होता. उलटतपासणी करणारा. समोरच्याचं अक्षर न् अक्षर ऐकल्याशिवाय उलटतपासणी होत नाही. म्हणजे असा निवेदक सगळ्यांत जास्त कान देणारा असला पाहिजे. त्या बाईचा आवाज कुठल्या शब्दावर कापतो हे त्याला तिच्याआधी कळतं, आणि तो नेमकं तिथंच बोट ठेवतो.

मग त्याला ते ‘हॅलो’ ऐकू येत नसेल? फोन कट झाल्यावर स्टुडिओत आवाज येत नाही हे मलाही माहीत आहे. पण तिकडे थेट कार्यक्रम काही सेकंद उशिरानं बाहेर सोडतात, बऱ्याचदा सात, कुणी शिवी दिली तर ती गाळता यावी म्हणून. कॉलरला घरातला रेडिओ बारीक करायला सांगतात त्याचं हेही एक कारण, नाहीतर स्वतःचंच मघाचं बोलणं कानावर येऊन तो अडखळतो. आता ताईंचं पात्र घ्या. फोन कट झाला. ती हॅलो हॅलो करते. मग रेडिओ मोठा करते, तर रेडिओवर ती अजून बोलतेच आहे, नवऱ्याबद्दल सांगते आहे. आणि मग तिला स्वतःच्या घरात बसून ऐकावं लागतं, मी तिला कसं तोडलं ते, आणि त्यावर मी काय बोललो तेही.

निवेदकाला हे माहीत असणार, रोज रात्रीचं काम आहे त्याचं. म्हणूनच तो पुढच्या कॉलरवर इतक्या घाईनं तुटून पडतो. ती सात सेकंदं त्याला रिकामी ठेवता येत नाहीत. संहितेतली ही घाई मला एवढे दिवस कळत नव्हती, मी ती नुसती वेगात म्हणत होतो.

हे लिहिताना जरा हलकं वाटतंय. दुपारपर्यंत दादांना सांगून टाकावं असं मनात होतं, दुसरा कुणी बघा म्हणून. आता नाही सांगणार. ताईंना मात्र सांगणार आहे की ते ‘हॅलो’ बांधून घेऊ नका. मनाला येईल तेव्हा म्हणा, एखाद्या दिवशी म्हणूही नका, मला आधी कळू देऊ नका. दादांना क्यू, म्हणजे पुढच्या वाक्याची खूण, चुकायची भीती वाटेल. पण १८४३ साली याच गावात विष्णुदास भाव्यांनी नाटक केलं तेव्हा पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं आपली भाषणं ऐन वेळी रचून बोलायची. आम्हाला एक शब्द मोकळा ठेवायला काय हरकत आहे?

आणि आवाजातली माया मी काढणार नाही. ती नसेल तर ती बाई नवऱ्याबद्दल माझ्याशी बोलायलाच लागणार नाही.