बारा टक्क्यांच्या अलीकडचा हमीभाव

२०२५-२६ च्या हंगामासाठी कापसाचा हमीभाव लांब धाग्याला क्विंटलमागे ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याला ७,७१० रुपये ठरला. आदल्या वर्षी हे आकडे ७,५२१ आणि ७,१२१ होते. एका वर्षात ५८९ रुपयांची वाढ झाली आणि ती स्वागतार्हच आहे. तरीही चोपडा, धरणगाव, पारोळा, शहादा या पट्ट्यात दसरा-दिवाळीला घरातून जो कापूस निघतो, त्याला हा भाव क्वचितच लागतो. हमीभावावर बोलताना आपण आकड्यावर भांडतो आणि अटी वाचत नाही. खान्देशातल्या कापसाचं खरं नुकसान या अटींमध्ये आहे.

हमीभावाने खरेदी करते ती भारतीय कापूस महामंडळ, म्हणजे सीसीआय, ही केंद्र सरकारची कंपनी. तिची ओलाव्याची अट अशी: ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे प्रत्येक टक्क्याला भावातून एक टक्का कपात आणि १२ टक्क्यांच्या वर गाडी परत. शिवाय ८,११० हा भाव सरसकट नाही. धागा २९.५ ते ३०.५ मिलिमीटर आणि मायक्रोनेअर (धाग्याच्या बारीकपणाचं माप) ३.५ ते ४.३ भरलं तरच तो मिळतो. धागा त्याखाली आला की ८,०६०, मग ८,०१०, असा उतरत जातो. हा फरक पन्नास-शंभराचा आहे, ओलाव्याचा फरक त्याहून कितीतरी मोठा.

ठिबकवरचा पूर्वहंगामी कापूस आपल्याकडे मे-अखेरीस किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात लागतो. त्याची पहिली वेचणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात येते आणि परतीचा पाऊसही तेव्हाच येतो. बोंडं फुटलेली, रात्री दव, आणि ऊन चढायच्या आत काम उरकावं म्हणून मजूर सकाळी लवकर शेतात. वेचणीची मजुरी किलोवर असते आणि ओला कापूस वजनाला भरतो, त्यामुळे दव उतरायची वाट कोणी पाहायची हा प्रश्नच राहतो. या वेचणीचा कापूस सहज १५ ते २० टक्के ओला निघतो. सीसीआयच्या दारात त्याची किंमत शून्य आहे. तोच माल खेडा खरेदीचा व्यापारी दारातून रोखीने उचलतो आणि भाव तो सांगेल तो. नकार द्यायला वाव नसतो, कारण कृषी केंद्राची उधारी थकलेली असते, हरभऱ्याचं बियाणं घ्यायचं असतं आणि दिवाळी तोंडावर असते.

आता हिशेब करू. १८ टक्के ओलीचा एक क्विंटल कापूस घ्या. त्यात कोरडा माल ८२ किलो. तो १२ टक्क्यांवर आणला तर वजन ९३.२ किलो राहतं. १२ टक्क्यांवर चार टक्के कपात धरून भाव पडतो ७,७८६ रुपये, म्हणजे त्या ९३.२ किलोचे साधारण ७,२५५ रुपये झाले. व्यापारी ओल्या मालाला ६,५०० देत असेल, तर सुकवल्याने मूळ क्विंटलमागे साडेसातशे रुपये वाढले. त्यातून सुकवणीची मजुरी आणि केंद्रापर्यंतचं भाडं वजा करा, तरी बरंच उरतं.

१२ च्या खाली मात्र चित्र बदलतं. १२ टक्क्यांचा एक क्विंटल ८ टक्क्यांपर्यंत सुकवला तर ९५.६५ किलो उरतो आणि पूर्ण ८,११० ने त्याचे ७,७५७ रुपये होतात. न सुकवता दिला असता तर ७,७८६ मिळाले असते. कपात आणि वजनातली घट इथे जवळपास बरोबरीत सुटते. म्हणून आठ टक्क्यांच्या मागे लागून दोन-तीन दिवस जास्त घालवण्यात काही हाशील नाही. लक्ष्य ठेवायचं ११ ते साडेअकराचं. त्याने हातात येणारी रक्कम फारशी हलत नाही आणि गाडी परत येण्याचा धोका टळतो.

हा धोका खरा आहे. घरी ११.८ दाखवणारा कापूस उघड्या ट्रॉलीत रात्रभर रांगेत राहिला की दव पिऊन सकाळी १२ च्या वर जातो. संध्याकाळी ताडपत्री बांधायची, खालूनही अंथरायची. दुसरी गोष्ट मीटरची. कापसाचं ओलावामापक यंत्र विजेच्या वहनावर चालतं. माल दाबून भरला, हाताला घाम असला किंवा नमुना ट्रॉलीच्या तळातून घेतला, तर आकडा वर जातो. एका रीडिंगवर गाडी परत होत असेल तर वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणचे नमुने घ्यायला सांगा आणि सरासरी मागा.

सुकवणीत जागेइतकंच थराकडे लक्ष हवं. ढीग करून ठेवलेला कापूस वरून कोरडा वाटतो आणि आतून तापतो. धागा पिवळा पडतो, सरकी खराब होते. वीतभरापेक्षा पातळ थर द्यायचा, दिवसातून दोनदा उलटायचा, चारच्या सुमारास गोळा करून झाकायचा. कडक ऊन असेल तर दोन दिवस पुरतात. प्लास्टिकच्या गोण्या टाळायच्या. त्यांचे सुटलेले धागे रुईत, म्हणजे सरकी काढलेल्या कापसात, मिसळतात आणि मिलमध्ये रंगाईच्या वेळी डाग म्हणून दिसतात. पहिल्या वेचणीचा माल वेगळा ठेवायचा, त्यात कवडी (नीट न उमललेल्या, किडक्या बोंडांचा कापूस) किंवा पावसात भिजलेला पिवळा कापूस मिसळला तर चांगल्या मालाचीही प्रत जाते.

पण हे सगळं पाच एकरवाल्याने कुठे करायचं? पातळ थर द्यायला मोकळं, स्वच्छ आवार लागतं. गावातलं घर दोन खोल्यांचं, अंगणात गुरं. एकरी पहिल्या वेचणीचे तीन-चार क्विंटल धरले तरी पाच एकरांचे वीस क्विंटल होतात. माझं स्पष्ट मत आहे की हमीभावात शंभर-दोनशे वाढवण्याआधी बाजार समित्यांनी उपबाजारांच्या आवारात काँक्रीटचे सुकवणी ओटे आणि पत्र्याच्या शेड उभ्या कराव्यात. ग्रामपंचायतीकडे एक तपासलेलं ओलावामापक यंत्र असावं. म्हणजे गाडी भरण्याआधीच आकडा कळेल आणि तीस-चाळीस किलोमीटरचा हेलपाटा वाचेल.

१२ च्या कड्याबद्दलही बोललं पाहिजे. ओला कापूस साठवणं धोक्याचं आहे, त्यामुळे मर्यादा हवीच. पण ११.९ ला ७,७०० च्या वर आणि १२.१ ला काहीच नाही, याला तर्क नाही. १४ टक्क्यांपर्यंतचा माल वेगळ्या ढिगात, लगेच जिनिंग करून रुई-सरकी वेगळी करण्याच्या अटीवर, कोरड्या वजनाच्या हिशेबाने घेता येईल. आणि खरेदी पहिल्या वेचणीला सुरू व्हावी. कापसाचं वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, पण केंद्राचं फाटक कधी उघडतं त्यावर सगळं आहे. ते दिवाळीनंतर उघडलं तर गरजवंताचा माल तोवर गेलेला असतो आणि हमीभाव मिळतो तो ज्याला थांबणं परवडतं त्याला.

व्यापारी हमीभाव का देत नाही, याचंही गणित मांडतो, कारण त्याला नुसते दोष देऊन काही हाती लागत नाही. एका क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई आणि ६४ किलो सरकी निघते, बाकी घट. समजा ३५६ किलोची रुईची खंडी ५४,००० रुपयांना आहे आणि सरकी ३५ रुपये किलो. रुईचे ५,१५७ आणि सरकीचे २,२४० मिळून ७,३९७ झाले. यातून जिनिंग-प्रेसिंग, वाहतूक आणि व्याज जायचं आहे. तो ८,११० देऊच शकत नाही. सरकी त्याच भावाला राहिली तर खर्च सोडूनच खंडी ६१,००० च्या वर हवी. म्हणजे हमीभावाची लढाई रुईच्या बाजारात होते, आणि त्या बाजारावर दिल्लीच्या एका अधिसूचनेने परिणाम होतो.

कापसाच्या आयातीवर ११ टक्के शुल्क फेब्रुवारी २०२१ मध्ये लागलं. २०२२ मध्ये ते काही महिने उठवलं. मग १९ ऑगस्ट २०२५ पासून पुन्हा उठवलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि नंतर ३१ डिसेंबरपर्यंत. सूतगिरण्यांची बाजू मला कळते. बाहेरच्या देशांच्या कापडाशी स्पर्धा करायची तर त्यांना स्वस्त रुई हवी. पण शेतकऱ्याने बियाणं मे-जूनमध्ये घेतलं ते शुल्क असताना, आणि माल बाजारात आला तो शुल्क नसताना. ऑक्टोबर ते डिसेंबर म्हणजे आपल्या आवकेचा मुख्य काळ. शुल्काचा निर्णय काय घ्यायचा तो घ्या, पण पेरणीआधी जाहीर करा आणि हंगामभर बदलू नका. ज्यांना कापूस परवडणार नाही ते निदान मका किंवा तूर लावतील.

भाव कसा काढतात हेही थोडक्यात. ७,७१० हा आकडा ५,१४० रुपये खर्चाच्या दीडपट आहे. या खर्चात निविष्ठा, मजुरी आणि घरच्या माणसांची मेहनत धरलेली आहे. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरचं व्याज यात नाही. स्वामिनाथन आयोगाने उत्पादन खर्चाच्या दीडपट भाव सुचवला होता आणि शेतकरी संघटना तो हे दोन्ही धरलेल्या सर्वंकष खर्चावर मागतात. खंडाने शेती करणाऱ्याने मोजलेला खंड खर्चात धरतात, पण तो सरासरीत विरतो आणि त्याच्या खिशातून मात्र पूर्ण जातो.

आणि हाच माणूस नोंदणीत अडकतो. सीसीआयला माल द्यायचा तर आता ‘कपास किसान’ ॲपवर नोंद लागते. आधार, सातबारा आणि त्यावर ई-पीक पाहणीने (मोबाईलवर केलेल्या पिकाच्या नोंदीने) चढलेला कापूस हवा. मग पडताळणी, मग तारखेचा स्लॉट. पैसे आधार जोडलेल्या खात्यात येतात. इथे दोन गोष्टी वारंवार बिघडतात. सातबाऱ्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही, म्हणून पडताळणी अडते. किंवा आधार जोडलेलं आहे अपुऱ्या केवायसीच्या छोट्या खात्याला, ज्यात ५०,००० च्या वर शिल्लक ठेवता येत नाही. दहा क्विंटलची रक्कमही त्यात बसत नाही. दोन्ही कामं सप्टेंबरच्या आत बँकेत आणि आधार केंद्रात जाऊन उरकून घ्या.

हेक्टरी किती क्विंटल घ्यायचे याची मर्यादा सरासरी उत्पादकतेवरून ठरते. ती सरासरी कोरडवाहू आणि बागायती एकत्र धरून येते. कोरडवाहूला एकरी चार-पाच क्विंटल आणि ठिबकवर बारा-पंधरा, असा फरक एकाच शिवारात असताना, ज्याने ठिबकवर खर्च केला त्याचाच जादा माल बाहेर राहतो. पीक पाहणीत सिंचनाचा प्रकार नोंदवला जातोच. त्यावरून दोन वेगळ्या मर्यादा ठरवणं अवघड नाही.

बटाईदाराचं काय? सातबारा मालकाचा, पीक पाहणी मालकाच्या खात्यावर, पैसे मालकाच्या बँकेत. २०२३ च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनसाठी राज्याने हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरपर्यंत, दिले तेव्हाही ते खातेदाराच्याच नावे गेले. मालक लेखी द्यायला धजत नाही, कारण कसणारा जमिनीवर हक्क सांगेल ही १९४८ च्या कुळकायद्याची भीती अजून मनातून गेलेली नाही. एका हंगामापुरता, जमिनीवर कोणताही हक्क न देणारा पीक-करार कायद्याने मान्य झाला, तर मालकाची भीती जाईल आणि बटाईदाराला स्वतःच्या नावाने कापूस विकता येईल. तोवर निदान एवढं करा: मालकाकडून पीक पाहणी वेळेत करून घ्या, फोटोत कापूस स्पष्ट दिसू द्या, मिश्रपीक असेल तर कापसाचं क्षेत्र वेगळं भरा. शेतकरी स्तरावरची मुदत चुकली तर पुढच्या टप्प्यात पीक पाहणीच्या सहायकाकडून नोंद होते. त्यासाठी गट क्रमांक आणि लागवडीची तारीख घेऊन ग्राम महसूल अधिकाऱ्याला भेटा, आणि नोंद सातबाऱ्यावर आली का ते महाभूमी या सरकारी संकेतस्थळावर स्वतः पाहून घ्या.