कुलिस: खाचेतल्या विंगा सरकू लागल्या

मागच्या वेळी माझ्या छोट्या थिएटर-मॉडेलचा नुसता सांगाडा दाखवला होता. आता मॉडेलच्या रंगमंचावर विंगांच्या चारही जोड्या बसल्या आहेत आणि बोटाने ढकलल्या की सुरळीत सरकतात. पद्धत अठराव्या शतकातली, इंग्लिश थिएटरांतली: जमिनीवर एक खाच, ओळंब्यात तिच्या बरोबर वर दुसरी, मध्ये रंगवलेली चौकट, म्हणजे विंग.

पुठ्ठा 2 मिमीचा आणि खाच 2.5 मिमीची. याहून अरुंद ठेवली तर पावसाळी हवेत पुठ्ठा फुगून अडकतो, 3 मिमी केली तर विंग कलून शेजारणीला घासते. वरची खाच मुद्दाम जास्त खोल ठेवली आहे. विंग आधी वर उचलून आत घालायची, मग खाली टेकवायची, सरकत्या खिडकीची काच बसवतात तशी. आतून कोरडी मेणबत्ती फिरवली की काम झालं.

फ्रेंचमध्ये कुलिस म्हणजे मुळात ही खाचच. पुढे खाचेत सरकणारी विंग कुलिस झाली आणि विंगेमागची जागाही. जर्मनांनी तो शब्द रंगवलेल्या देखाव्याला दिला. तुर्कीत तो राजकारणातल्या पडद्यामागच्या जुळवाजुळवीपर्यंत पोचला. मला मात्र त्याचा यंत्रातला प्रवास जास्त आवडतो. वाफेच्या इंजिनाची दिशा उलटवणाऱ्या स्टीफन्सन गिअरमध्ये खाच पाडलेली एक वक्र पट्टी असते. जर्मन आणि रशियन, दोन्हींत तिचं नाव हेच. ट्रॉम्बोनची सरकती नळीही फ्रेंचमध्ये कुलिस, आणि ज्या व्हर्नियर कॅलिपरने मी खाच मोजतो तो 'प्ये आ कुलिस'!

या पद्धतीची अडचण हाताने सरकवताना लगेच कळते. प्रत्येक विंगेला वेगळा हात लागतो, सगळ्या एका दमात हलत नाहीत. इटालियन रंगमंच-यंत्रकार तोरेल्लीने 1640 च्या दशकात व्हेनिसमध्ये यावर तोड काढली: विंगांचे खांब फटींतून खाली उतरवले, तळघरात चाकांच्या गाड्यांवर उभे केले आणि सगळे दोर एकाच रहाटाला बांधले. स्टॉकहोमजवळच्या ड्रोट्निंगहोमच्या 1766 च्या थिएटरात अशी लाकडी यंत्रणा अजून शाबूत आहे. प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर काही सेकंदांत जंगलाचा महाल होतो.

आता पुढचं काम तेच. गाड्या आणि रहाट मावतील इतकं तळघर हवं, म्हणजे खालची पेटी नव्याने कापावी लागणार. दोरासाठी मेण लावलेला सुती धागा घ्यायचं ठरवतोय, नायलॉन या मापात रहाटावर घसरतो. कुणी लाकडी कप्प्या इतक्या लहान आकारात घडवल्या असतील तर लाकूड कोणतं वापरलं ते जरूर कळवा.