आमची वाटचाल: गिऱ्हाईक आणण्याच्या आधी आणि नंतर

घर विकून देणारा एजंट म्हणजे गिऱ्हाईक आणणारा माणूस, अशी सर्वसाधारण समजूत. आमची फर्म सुरू झाली तेव्हा आमच्या कामाची यादीही तेवढीच होती: जाहिरात, घर दाखवणं, बैठक. पुढे ती दोन्ही टोकांनी वाढत गेली. आज आमचा निम्म्याहून जास्त वेळ पहिला माणूस घर बघायला येण्याआधी आणि बयाणा पडल्यानंतर जातो. विकणाऱ्याचे पैसे वाचतात किंवा बुडतात तेही तिथेच.

सुरुवात किमतीपासून. मालकाच्या मनातला आकडा बहुधा त्याने घर घेताना मोजलेल्या पैशांवर बेतलेला असतो. बाजाराला त्याच्याशी सोयरसुतक नसतं. बॉस्टनमधल्या फ्लॅटविक्रीवरचा जेनेसोव आणि मेयर यांचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. ज्या मालकांना तोट्यात विकावं लागणार होतं, त्यांनी होऊ घातलेल्या तोट्याच्या २५ ते ३५ टक्के रक्कम मागणीत चढवली होती आणि त्यांची घरं सावकाश विकली गेली. म्हणून आम्ही त्याच भागातले गेल्या सहा महिन्यांत खरोखर पार पडलेले तीन ते पाच व्यवहार काढतो. जाहिरातीतले आकडे धरत नाही, ती फक्त इच्छा असते. मग क्षेत्रफळ, मजला, इमारतीचं वय, उजेड, पार्किंग यांची वजाबेरीज. चढी किंमत लावून मग कमी करू, हा बेत महागात पडतो. नव्या जाहिरातीकडे सगळ्यात जास्त लक्ष पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जातं. नंतर घर शिळं दिसू लागतं आणि येणारा पहिला प्रश्न विचारतो, ‘इतके दिवस का पडून आहे?’

मापाकडे आम्ही आता फार बारकाईने बघतो. आतून ३.६ बाय ४.२ मीटरची खोली १५.१२ चौरस मीटर भरते. तीच खोली १५ सेंटिमीटरच्या भिंतींच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजली, तर १६.३१ होते. नुसतं टेप कुठे धरली यावरून जवळजवळ ८ टक्क्यांचा फरक! जाहिरातीत मोठा आकडा गेला आणि बँकेच्या माणसाने आतून माप घेतलं की बोलणी पुन्हा पहिल्यापासून, तीही विकणाऱ्याची बाजू पडती घेऊन. म्हणून लेझर मीटरने आतलं माप घ्यायचं आणि ते कसं घेतलं हे जाहिरातीतच लिहायचं.

फोटोंबद्दल थोडक्यात: दिवसा, सगळे दिवे लावून, कॅमेरा छातीच्या उंचीवर, भिंती सरळ. लेन्स इतकी रुंद नको की खोलीचा हॉल होईल. फोटोला भुललेला माणूस दारातच हिरमुसतो, आणि तो दौरा वाया गेला.

गिऱ्हाइकाची पारख हा भाग मालकाला स्वतःला करणं अवघड जातं, कारण समोरच्याला पैशांचं विचारायला संकोच वाटतो. आम्ही घर दाखवण्याआधीच तीन गोष्टी विचारतो: कर्जाची पूर्वमंजुरी आहे का, हातात रोख किती, आणि आधी स्वतःचं घर विकायचं आहे का. तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल, तर त्याच्या ऑफरला दुसऱ्या व्यवहाराची शेपटी असते. आणखी एक हिशेब बघा. किंमत १०० ठरली आणि बँक ८० टक्के देते, म्हणजे घेणाऱ्याने २० ची तयारी केलेली असते. पण बँकेच्या मूल्यांकनात घर ९० चं निघालं, तर कर्ज ७२ चं आणि त्याला लागतात २८. हे ८ कुठून येणार, ते बयाणा घेण्याआधी विचारलेलं बरं. सगळ्यात मोठी ऑफर सगळ्यात चांगली असतेच असं नाही.

कागदपत्रांत व्यवहार अडतात ते बहुधा क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींवर. कर्ज फिटलेलं असतं, पण बोजा नोंदीतून उतरवलेला नसतो. मालकाचं नाव दोन कागदांवर दोन तऱ्हेने असतं. एका वारसाची सही राहिलेली असते. बाल्कनी बंद करून खोली केलेली असते आणि मंजूर नकाशात ती बाल्कनीच असते. यातलं काहीही निस्तरायला आठवडे लागू शकतात. घेणारा तोवर थांबेलच याची खात्री नाही. म्हणून फाईल आधी, जाहिरात नंतर. मालकीहक्काचा शेवटचा शब्द मात्र वकिलाचाच, तो आमचा नव्हे.

आता आमच्याच धंद्याची एक अडचण. दलाली २ टक्के धरा. भाव १०० ने वाढला, तर मालकाला ९८ मिळतात, एजंटाला २. त्या दोनसाठी आणखी महिनाभर खेटे घालण्यापेक्षा आहे ती ऑफर घ्या म्हणण्याचा मोह होतो. लेविट आणि सिव्हरसन यांच्या २००८ च्या अभ्यासात अमेरिकेतले एजंट स्वतःची घरं विकताना ती सरासरी साडेनऊ दिवस जास्त बाजारात ठेवत आणि ३.७ टक्के जास्त भाव मिळवत, असं आढळलं. तेव्हा एजंटाशी करार करताना विचारा: करार किती महिन्यांचा, दलाली कधी द्यायची, जाहिरातीचा खर्च कोणाचा, आणि घेणाऱ्याकडूनही हा माणूस पैसे घेणार का. आलेली प्रत्येक ऑफर लेखी कळवावी, ही अट आम्ही स्वतःच करारात घालतो.

घेणारा आधीच ठरलेला असेल, म्हणजे भाडेकरू किंवा नात्यातलाच कोणी, तर एजंट कशाला? चांगला वकील पुरे.

ताब्याच्या दिवशीची भांडणं पंखे, गिझर आणि पडद्यांच्या दांड्यांवरून होतात. काय राहणार आणि काय जाणार याची यादी ऑफर स्वीकारतानाच करून दोघांच्या सह्या घेतो. ताबा देताना वीज, पाणी आणि गॅसच्या मीटरचे तारखेसह फोटो, थकीत बिलांचा हिशेब, किल्ल्यांचे सगळे जुडगे मोजून पावती. लेटरबॉक्सची किल्ली हटकून विसरते.