गालेच्या सहीशेजारची रिकामी जागा: माझा अनुभव

गालेच्या सहीची कॅमिओ काचेची, म्हणजे रंगीत थरांत उठावाची नक्षी असलेली, फुलदाणी जुनी की नंतरची नक्कल, हे बघायला वस्तू हातात असेल तर अर्धा तास पुरतो. मला तीन आठवडे लागले, कारण विक्रेता सहीच्या आजूबाजूचा फोटोच देत नव्हता. आला तो अक्षरांच्या कडेला कापलेला. ‘सही आहे ना, मग अजून काय हवंय?’ हे उत्तर चार वेळा मिळालं. त्याचा राग अजून गेलेला नाही.

नुसत्या सहीने काहीच सिद्ध होत नाही. फ्रान्समधल्या नॅन्सी शहराचे काचकलाकार एमिल गाले १९०४ साली गेले. पुढे काही वर्षं सहीसोबत एक चांदणी असायची आणि कारखान्याचा माल त्यांच्याच नावाने १९३० च्या दशकापर्यंत निघत राहिला. म्हणजे अस्सल वस्तूही त्यांच्या हयातीतली असेलच असं नाही. शिवाय रुमानियात याच धर्तीच्या, अशाच सहीच्या फुलदाण्या बनल्या. त्यांतल्या पुष्कळ वस्तूंवर सहीजवळ टी, आय, पी अशी तीन रोमन अक्षरं असतात. रुमानियनमध्ये ‘टिप’ म्हणजे ‘प्रकार’, ‘गालेच्या पद्धतीची’ अशा अर्थाने. बनवणाऱ्याने उघड सांगितलेलं आहे, त्याला दोष नाही. लबाडी करतो तो नंतर ती तीन अक्षरं घासून काढणारा.

घासलेली जागा सापडते, ती अशी. कॅमिओत दोन-तीन रंगांचे थर एकावर एक असतात. नक्षीचा भाग झाकून बाकीचा वरचा थर आम्लाने खाऊन टाकतात, त्यामुळे नक्षीसारखीच सहीही उठावदार राहते. उठावाची अक्षरं काढायची तर भोवतालची काचही थोडी घासली जाते. तिथे उथळ खळगा पडतो, आणि वरून ती जागा मंद केली तरी तिची झाक आजूबाजूच्या पृष्ठभागाशी जुळत नाही. खोलीत अंधार करा, बॅटरी काचेला जवळजवळ टेकवून आडवा उजेड टाका आणि फुलदाणी हळूहळू फिरवा. खळगा असेल तर सावली पडते. मग तिथून नख फिरवा. शंका उरलीच, तर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल घासा: सही उमटते आणि घासलेल्या ठिकाणी पेन्सिल फिकी पडते. सही एका बाजूला सरकलेली आणि पुढे कारण नसताना मोकळी जागा, हेही लक्षण.

हे सगळं करण्याआधी वस्तू कोमट पाण्याने, साबणाने धुवा, हे आधीच सांगायला हवं होतं. तेल किंवा मेण चोळलेलं असलं तर खळगा लपतो. पाणी गरम नको, जुनी काच तडकते.

तळाचं थोडक्यात. जिथे वस्तू टेकते त्याच कडेवर, सगळ्या दिशांना बारीक ओरखडे हवेत. दहापटीच्या भिंगातून ते एकाच दिशेला समांतर दिसले किंवा आतल्या खोलगट भागातही असले, तर सँडपेपरचं काम. आतून बॅटरी लावली की चांगल्या कामात पानाच्या कडेला रंग पायरीपायरीने पातळ होताना दिसतो, कारण आम्ल एकाहून जास्त वेळा दिलेलं असतं. अतिनील बॅटरीचा उपयोग चिकटवलेली भेग शोधायला होतो. वय ठरवायला तिच्यावर विसंबू नका. आणि ‘टिप’ नसणं हाही पुरावा नाही, मुळात ती न घातलेल्या नकलाही असतात.

विसाव्या दिवशी हवा तो फोटो आला. सहीच्या शेवटच्या अक्षराशेजारी अंगठ्याच्या नखाएवढा फिका डाग स्पष्ट दिसत होता. पैसे द्यायचे राहिले होते, हे केवढं बरं झालं! तुम्ही मागाल तेव्हा ‘सहीचा फोटो’ असं मोघम मागू नका. ‘सहीच्या चारही बाजूंची चार बोटं जागा, बाजूने उजेड, फ्लॅश बंद’ असं लिहूनच मागा.