ट्रेलर घेऊन रॉकीजचे घाट: डेन्व्हर ते यूरे आणि परत

राहायचा ट्रेलर मागे जोडून अमेरिकेतल्या आय-७० महामार्गाने डेन्व्हरहून पश्चिमेला निघालात की सगळे एकच विचारतात: गाडी चढेल ना? चढते हो. फार तर ताशी ४० मैलांवर येते आणि मागच्यांच्या कपाळावर आठ्या पडतात. कस लागतो तो उतरताना, आणि त्यातलं बरंचसं घाटमाथ्यावर पोचायच्या आधीच ठरलेलं असतं. आम्ही जुलैत कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हरहून यूरेला २४ फुटी ट्रेलर नेला आणि त्याच रस्त्याने परत आणला. त्या वाटेने जाणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

आधी वजनाचं. गाडी किती ओढते हा जाहिरातीतला आकडा बाजूला ठेवा आणि ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर वाचा. त्यावर माणसं आणि सामान मिळून किती भार चालेल ते लिहिलेलं असतं, आणि हाफ-टन (हलक्या वर्गाच्या) पिकअपमध्ये आधी संपतो तो हाच पेलोड. ६,००० पौंडांच्या ट्रेलरचा १० ते १५ टक्के, म्हणजे ६०० ते ९०० पौंड, भार हिचवर (गाडी आणि ट्रेलर जोडणाऱ्या सांध्यावर) यायला हवा. त्यात वेट डिस्ट्रिब्यूशन हिच (हा भार पुढे-मागे वाटून देणारा जोड), चार माणसं, मागच्या हौद्यातला जनरेटर आणि सायकली मिळवा, म्हणजे हिशेब कुठे जातो ते कळेल. ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर (वाहनांच्या वजनकाट्यावर) सगळं भरून एकदा वजन करून घ्या. अंदाजपंचे नको.

पाण्याकडेही बघा. ४० गॅलनची टाकी भरली की सव्वातीनशे पौंडांच्या वर वजन वाढतं. टाकी ॲक्सलच्या मागे असेल, तर हिचवरचा भार कमी होतो आणि ट्रेलर डुलायला लागतो. पुढे असेल, तर गाडीची मागची बाजू बसते. आम्ही थोडंच पाणी घेऊन निघतो, बाकीचं कॅम्पग्राउंडवर भरतो.

ब्रेक कंट्रोलर (गाडीतून ट्रेलरचे ब्रेक चालवणारं यंत्र) सपाट, रिकाम्या रस्त्यावर सेट करा: ताशी २०-२५ मैलांवर फक्त ट्रेलरचा ब्रेक हाताने दाबायचा आणि चाकं लॉक होण्याच्या जरा अलीकडे गेन (ब्रेकचा जोर) ठेवायचा. सुरक्षा साखळ्या हिचखाली एकमेकींना छेद देऊन अडकवा, म्हणजे हिच निसटलीच तर ट्रेलरचं तोंड रस्त्यावर न आपटता साखळ्यांवर तोलून राहील. ब्रेकअवे केबल (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी तार) मात्र साखळीला नाही, थेट गाडीला.

डेन्व्हर ५,२८० फुटांवर, आय-७० वरचा आयझेनहावर बोगदा ११,१५८ फुटांवर. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांमागे साधारण ३ टक्के ताकद गमावतं, म्हणजे बोगद्यापाशी समुद्रसपाटीच्या मानाने एक तृतीयांश गेली. टर्बोवाल्यांना हे फारसं जाणवत नाही. टो-हॉल मोड (ओझं ओढताना गिअर खालचा धरून ठेवणारी सोय) चालू, उजवी लेन, तापमानाच्या काट्यावर नजर, आणि इंजिन ४,००० आरपीएमवर ओरडायला लागलं तर ओरडू द्या. त्यासाठीच ते बनवलंय. चढाबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही.

बोगद्यातून बाहेर पडलात की सिल्व्हरथॉर्नपर्यंत ७ टक्क्यांचा सलग उतार आहे. म्हणजे दर मैलाला सुमारे ३७० फूट खाली. गिअर बोगद्यात असतानाच खाली आणा आणि बाहेर पडताना वेग ४५ च्या आत ठेवा. एकदा ६०-६५ वर गेलात की ट्रेलर मागून ढकलायला लागतो, आणि मग तो वेग पुन्हा खाली आणायचं सगळं ओझं ब्रेकवर पडतं. पाय सतत ब्रेकवर ठेवू नका. इंजिनाने धरून ठेवायचं. वेग ठरवलेल्या मर्यादेला टेकला की ब्रेक ठामपणे दाबून पाच मैल कमी करायचा आणि पाय पूर्ण काढून घ्यायचा, म्हणजे मधल्या वेळात ड्रम थंड होतात. ट्रेलरचे ब्रेक बहुधा ड्रमचेच असतात. तापले की ड्रम प्रसरण पावतो, शूपासून (आतून घासणाऱ्या पट्ट्यांपासून) लांब जातो, आणि पेडल दाबूनही धरल्यासारखं वाटत नाही. जळका वास आला तर पुढे रस्त्याकडेला रुंद जागा दिसेल तिथे थांबा. या उतारावर रनअवे ट्रक रॅम्प (ब्रेक गेलेलं वाहन थांबवायला बाजूला काढलेले चढ) आहेत. नाव ट्रकचं असलं तरी ब्रेक गेलेल्या कुठल्याही गाडीने त्यात शिरावं, लाजायचं कारण नाही.

सिल्व्हरथॉर्नला खाली उतरून ट्रेलरच्या चारही चाकांवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरला. तीन ड्रम १८० फॅरनहाइटच्या आसपास, आणि डावीकडचं मागचं चाक जेमतेम ९०. पहिल्यांदा वाटलं, वा, हे तर छान थंड आहे. पण उतारावर बाकीचे तापत असताना एकच थंड राहिला, तर तो काम करत नाही एवढाच त्याचा अर्थ. खाली वाकून पाहिलं तर ॲक्सलजवळ ब्रेक मॅग्नेटच्या (विजेवर ब्रेक लावणाऱ्या चुंबकाच्या) वायरचा जोड सुटून लोंबकळत होता. नवा कनेक्टर घालून टेपने गुंडाळलं आणि व्हेल पास (१०,६६२ फूट) उतरल्यावर पुन्हा मोजलं, तेव्हा चौथाही बाकीच्यांच्या जवळ आला होता. वीसेक डॉलरचं हे यंत्र गाडीत असायलाच हवं. मोजताना टायरही बघून घ्या, पण गरम टायरची हवा कमी करू नका. गरम झाल्यावर आणि उंचीवर दाब वाढलेला दिसणारच.

ग्लेनवुड कॅन्यनमध्ये वेगमर्यादा ५० च आहे, वळणं बरीच, बघायला मात्र डोळे पुरत नाहीत. ग्रँड जंक्शनच्या अलीकडे मोकळ्यावर वारा लागला आणि एक लांब ट्रक शेजारून गेला तसा ट्रेलर हलला. अशा वेळी गाडीचा ब्रेक दाबू नये आणि स्टिअरिंगने उलटसुलट भरपाईही करू नये. स्टिअरिंग सरळ धरा, ॲक्सिलरेटरवरून पाय उचला, आणि कंट्रोलरवरून हाताने फक्त ट्रेलरचा ब्रेक लावा. गाडी पुढे, ट्रेलर मागे ताणलेला, दोन क्षणांत सरळ होतो.

मॉन्ट्रोजवरून यूरेपर्यंतचा यूएस ५५० सोपा आहे. त्यापुढे सिल्व्हरटनकडे जाणारा रेड माउंटन पास (११,०१८ फूट) हे वेगळं प्रकरण. अरुंद लेन, ताशी १०-१५ च्या पाट्या लावलेली वळणं, आणि दरीच्या बाजूला बऱ्याच ठिकाणी कठडाच नाही, कारण हिवाळ्यात बर्फ तिकडेच ढकलायचा असतो. ट्रेलर घेऊन जाणारे दिसतात. आमचा मात्र यूरेच्या कॅम्पवरच राहिला आणि आम्ही नुसती गाडी घेऊन गेलो. त्या रस्त्यावर मागे ट्रेलर असता तर मी डोंगर पाहिलेच नसते.

जीपीएसवर आंधळा विश्वास नको. ग्लेनवुड स्प्रिंग्जहून पूर्वेकडे जाताना तो ॲस्पेनवरून इंडिपेंडन्स पास सुचवू शकतो. तिथे ३५ फुटांपेक्षा लांब वाहनांना बंदी आहे आणि ती लांबी गाडी अधिक ट्रेलर अशी मोजतात. आमची जोडी त्यात बसत नाही, बहुतेकांची बसणार नाही.

परतीच्या वाटेवर माझ्या मते सगळ्यात फसवा उतार अगदी शेवटी, डेन्व्हरच्या दारात आहे. मोठे घाट मागे पडलेले असतात, जेनेसीपाशी पुढची सपाटी दिसते आणि पाय आपोआप सैल होतो. तिथे ट्रकवाल्यांना "फसू नका" असं बजावणाऱ्या मोठ्या पाट्या आहेत, पुढे अजून काही मैल तीव्र उतार आणि वळणं आहेत म्हणून. त्या ट्रेलरवाल्यांनीही आपल्यासाठीच आहेत असं समजून वाचाव्यात आणि गिअर पुन्हा खाली आणावा.

आणखी एक, परतायला रविवार दुपार टाळा. उन्हाळ्यात सगळं डेन्व्हर त्याच वेळी घरी निघतं, बोगद्यापासून आयडाहो स्प्रिंग्जपर्यंत गाड्या रांगत असतात, आणि उतारावर थांब-चाल करताना इंजिनाला धरायला वेगच उरत नाही, सगळं ब्रेकवर येतं. शिवाय दुपारी डोंगरावर गारांचा पाऊस येऊ शकतो. आम्ही सोमवारी सकाळी सहाला ग्रँड जंक्शन सोडलं, तर बोगद्याच्या अलीकडे-पलीकडे रस्ता जवळजवळ मोकळा होता.